कार्तिकातली घाटवाट आणि सोबतीला कुत्रा

 

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, कार्तिक सरत आला. भात घरात येतोय, नाचणी-वरईची कापणी उरकतेय. आता हाताला दोन-चार दिवस जरा उसंत मिळेल. या दिवसांत गटातल्या बायकांनी मिळून एखादी जुनी घाटवाट चालून यावी, असं बऱ्याच जणींच्या मनात असतं. आणि वाटेला लागलं की गावातला नाहीतर घरातला कुत्रा शेपूट हलवत बरोबर निघतोच. त्याला न्यावं का? नेलं तर कसं सांभाळावं? जंगलात बिबट्या आहे, त्याचं काय? आज याच गोष्टी नीट समजून घेऊ.

ही वाट आली कुठून?

आपला सह्याद्री म्हणजे थरावर थर रचलेला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. म्हणून डोंगराकडे लांबून पाहिलं तर उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा उभा कडा असं दिसतं. त्या मधल्या सपाटीला आपण पदर म्हणतो. कडा थेट चढता येत नाही. मग जुन्या लोकांनी दोन जागा शोधल्या. एक म्हणजे नाळ, जिथे ओढ्याने कडा कापून खाच पाडली आहे. दुसरी म्हणजे दांड किंवा सोंड, जिथे डोंगराचा एक हात उतरत उतरत खाली गेलेला असतो. आपल्या बहुतेक घाटवाटा या दोन्हींपैकी एकीवरून जातात.

या वाटा माणसांच्या होत्या तशा जनावरांच्याही होत्या. कोकणातलं मीठ वर यायचं, घाटावरचं धान्य खाली जायचं, ते बैलांच्या पाठीवर लादून. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन या वाटांनी चालायचे. पाठीवर ओझं असलेल्या बैलाला उभा चढ चालत नाही. म्हणून रुळलेली मोठी वाट वळणं घेत, दमादमाने चढते. ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. चालता चालता वाट एकदम छातीवर आली, हाताने झाडं धरून चढायची वेळ आली, तर बहुतेक वेळा तुम्ही मोठी वाट सोडून गुरांच्या नाहीतर लाकूडवाल्यांच्या पायवाटेला लागलेल्या असता. तिथेच थांबा, मागे फिरा आणि शेवटची फरसबंदी, पायरी किंवा खूण कुठे दिसली होती तिथून पुन्हा वाट शोधा.

जुन्या वाटेच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. दगड बसवून केलेली फरसबंदी, कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याचं टाकं, बसायला केलेली मोकळी जागा, खिंडीतला देव. या सगळ्या एकाच ठिकाणी पाहायच्या तर जुन्नरजवळचा नाणेघाट आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाच्या बाजूने तो चढतो आणि वर घाटघरच्या पठारावर निघतो. सोपारा, कल्याण या बंदरांवरचा माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटाच्या माथ्याशी एक मोठं लेणं आहे. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख कोरलेला आहे, तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जातो. कोणकोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि नाणी दान दिली याचा हिशोब त्यात आहे. आपल्या भागातल्या इतक्या जुन्या कोरीव हिशोबाशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, हे गटाची वही लिहिणाऱ्या सचिवबाईंनी ध्यानात ठेवावं. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते. आज त्यांचे पाय तेवढे उरले आहेत आणि वर नावं. खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जकातीची नाणी घेऊन त्यात टाकत, असं लोक सांगतात.

मग या वाटा ओस का पडल्या? कारण चाकं आली. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे वर चढली. पुढे ठिकठिकाणी मोटारीचे घाट झाले, आणि नाणेघाटाच्या शेजारी माळशेजची डांबरी सडक आली. बैलांचे तांडे थांबले. वाट रोज तुडवली गेली नाही की दोन पावसाळ्यांत गवत तिला झाकतं, पाचव्या पावसाळ्यात दरड तिला तोडते. म्हणून वाट चालणं म्हणजे वाट राखणंही आहे.

कार्तिक-मार्गशीर्षच का?

पावसाळ्यात फरसबंदीवर शेवाळ असतं आणि नाळेतून पाणी कोसळत असतं. चैत्र-वैशाखात कातळ तापतो आणि टाकी आटतात. मधले हे दोन महिने बरे. ओढ्याला थोडं पाणी असतं, ऊन सोसवतं, हवा स्वच्छ असते. पण या ऋतूचे तीन धोके आहेत, ते माहीत असावेत.

पहिला, दिवस लहान. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पण झाडीतल्या नाळेत पाचलाच अंधारून येतं. म्हणून हिशोब सूर्य मावळण्याचा धरू नका. चार वाजता शेवटची बाई गावात पोचलेली असावी, असा धरा.

दुसरा, गवत. पुरुषभर वाढलेलं गवत वाळून पिवळं होतं आणि वाटेची कड झाकून टाकतं. पाय जमिनीवर पडतोय असं वाटतं आणि खाली पोकळी असते. पुढच्या बाईच्या हातात काठी हवीच. काठीने गवत बाजूला करत चालायचं. सकाळच्या उन्हात साप दगडावर अंग शेकायला येतात, काठीच्या आवाजाने ते सरकून जातात.

तिसरा, वाळलेलं शेवाळ. सावलीतल्या दगडावर ते काळं दिसतं, कोरडं वाटतं, पण दवाने सकाळी ओलं असतं. उतरताना याच्यावरूनच बायका घसरतात. अशा जागी टाच आधी टेकू नका. पाऊल सपाट टाका आणि गुडघा थोडा वाकवून ठेवा.

कुत्रा कोणता न्यावा?

महाभारतात पांडव हिमालयात निघाले तेव्हा शेवटपर्यंत युधिष्ठिराबरोबर राहिला तो कुत्रा. आपला खंडोबा, आपले दत्तगुरू, दोघांच्याही पायाशी कुत्रा आहे. धनगराच्या वाड्याला तर त्याच्याशिवाय रात्र निघत नाही. तेव्हा कुत्र्याची सोबत आपल्याला नवी नाही. पण प्रत्येक कुत्रा डोंगरावर नेण्याजोगा नसतो.

ज्याला पिसाळण्याविरुद्धची लस दिलेली आहे आणि ज्याची तारीख उलटलेली नाही, तोच न्यायचा. हा नियम पक्का. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. लस दिली की कागद मिळतो, तो जपून ठेवा.

वर्षाच्या आतलं पिल्लू नेऊ नका, त्याची हाडं अजून कच्ची असतात. म्हातारा, लंगडणारा, अंगावर जखम असलेला नेऊ नका. गाभण किंवा पाजणारी कुत्री नेऊ नका. पावसाळा सरला की कुत्र्यांच्या माजाचे दिवस असतात. माजावर आलेली कुत्री नेलीत तर वाटेतल्या प्रत्येक वाडीतले कुत्रे मागे लागतील आणि त्यांची भांडणं तुमच्या पायात होतील.

आणि एक. जो हाक मारली की येतो, तोच कुत्रा न्यावा. आठ दिवस आधी शेताच्या बांधावर परीक्षा घ्या. कोंबडी दिसली, ससा उठला, तरी हाकेसरशी फिरतो का बघा. फिरत नसेल तर त्याला घर राखू द्या.

दोरी का हवी?

मोकळा कुत्रा पुढे पळतो, झाडीत शिरतो, रानडुकराला नाहीतर भेकराला उठवतो. डुक्कर अंगावर आलं की कुत्रा घाबरून कुठे पळतो? तुमच्याकडे. म्हणजे त्याच्या मागे डुक्करही तुमच्याकडेच. म्हणून दोरी ही कुत्र्याच्या जिवासाठी आहे तशी तुमच्याही जिवासाठी आहे.

दोरी सुती, जाड, पाच-सहा हात लांब असावी. साखळी नको, ती दगडात अडकते. गळ्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा चांगला. कड्याच्या जागी कुत्र्याचा पाय घसरला तर गळ्यातल्या पट्ट्याने त्याला फास लागतो. छातीचा पट्टा असेल तर त्याला उचलून घेता येतं. जुन्या ओढणीचा किंवा गोणपाटाच्या पट्टीचा असा पट्टा घरीही शिवता येतो.

दोरी मुठीत धरायची. मनगटाला गुंडाळायची नाही आणि कमरेला तर कधीच बांधायची नाही. कुत्र्याने हिसका दिला तर दोरी सुटावी, बाई पडू नये. उतरणीच्या अवघड पायऱ्यांवर एक बाई आधी खाली उतरते, मग दुसरी वरून दोरी ढिली सोडते आणि कुत्र्याला त्याच्या पायाने वाट शोधू देते. त्याला चार पाय आहेत. ओढलं नाही तर तो आपल्यापेक्षा बरा उतरतो.

कुसळ, गोचीड, पाणी आणि लाडू

या दिवसांत कुत्र्याला सगळ्यात जास्त त्रास कुसळाचा. कुसळी गवताचं बी तुम्ही पाहिलं आहे. पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस आणि मागे लांब शेपटी. ती शेपटी दवाने ओली झाली की पीळ उलगडते, वाळली की पुन्हा पीळ भरते. अशी फिरत फिरत ती बी जमिनीत रुजवते. जमिनीऐवजी कुत्र्याची कातडी मिळाली तरी ती तशीच आत जाते, आणि उलट्या केसांमुळे मागे येत नाही. म्हणून घरी आल्यावर पाच मिनिटं काढा. पायाच्या बोटांच्या फटी, काखा, कानाच्या आतली बाजू, डोळ्यांचे कोपरे, शेपटीखाली, असं सगळं बघा. वर दिसणारं कुसळ चिमटीने ओढा. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, मान एका बाजूला वाकडी धरत असेल तर कुसळ कानात गेलं आहे. काडी घालून काढू नका, आणखी आत जाईल. जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

तपासतानाच गोचीड सापडतील. गोचिडीवर रॉकेल टाकू नका, काडी पेटवून चटका देऊ नका. त्याने ती अंगातली घाण उलट रक्तात सोडते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका. गोचिडीने कुत्र्याला ताप येतो. आठ-दहा दिवसांनी कुत्रा खाईना, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, लघवी गडद झाली तर थांबू नका. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा फोन त्यासाठीच आहे.

आता पाणी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो, तीच त्याची अंग थंड करायची रीत. चढावर धापा फार वाढल्या, लाळ चिकट झाली, पाय लडखडले तर त्याला ऊन लागलं आहे. सावलीत बसवा, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, थोडं थोडं पाजा. मध्यम कुत्र्याला अर्ध्या दिवसाला एक लिटर पाणी वेगळं न्या. ओढ्यावर भरवसा ठेवू नका. टाक्याचं पाणी माणसंही पितात, तेव्हा कुत्र्याला टाक्यात तोंड घालू देऊ नका. त्याची वाटी वेगळी न्या. कातळ तापला आहे का हे बघायला हाताची मागची बाजू दगडावर टेकवा. पाच अंक मोजेपर्यंत ठेववत नसेल तर त्याचे पायही पोळतात. मग सावलीत थांबा.

खायला निघण्याआधी दोन तास थोडं द्या, भरपोट नको. आणि दिवाळीचा फराळ उरला असेल तर तो तुमच्यासाठी. ज्या लाडवात बेदाणे किंवा मनुका आहेत तो कुत्र्याला देऊ नका. मनुका त्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत, थोड्याशाही नकोत. चॉकलेट नको. कांदा-लसूण घातलेली भाजी नको. साधी भाकरी चालते.

बिबट्याचं काय?

खोटा धीर देत नाही आणि उगाच घाबरवतही नाही. जुन्नर, अकोले, आंबेगाव या पट्ट्यात बिबट्या उसातही राहतो आणि डोंगरातही. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे बिबट्याला कुत्रा आवडतो हे खरं. मोठ्या माणसांच्या बोलत्या घोळक्यापासून तो लांब राहतो, हेही खरं.

यावरून काय करायचं ते आपोआप ठरतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो फिरतो. म्हणून आठच्या आधी झाडीत शिरायचं नाही आणि चारच्या पुढे राहायचं नाही. सहा-सात जणींपेक्षा कमी जायचं नाही. कुत्रा रांगेच्या मधोमध, दोरीवर. तो पुढे नको, मागे तर नकोच. गप्पा मारत चाला, ओव्या म्हणा, हरकत नाही. पोरंबाळं नेलीत तर तीही मध्ये. लघवीला जाताना एकटीने झाडीत शिरू नका आणि शक्यतो खाली वाकून फार वेळ बसू नका. दुसरी बाई उभी राहून बोलत राहावी.

दिसलाच तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. सगळ्या जणी एकत्र या, लहानांना उचला, हात वर करून मोठ्याने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा. दगड मारू नका, त्याची वाट अडवू नका. वनखात्याची मदत १९२६ या फोनवर मिळते.

बिबट्याइतकीच आग्या मोहोळाची काळजी घ्या. कड्याला काळी पोळी लटकलेली दिसली तर खाली चूल पेटवू नका, बिडी-धूर नको, उग्र वासाचं तेल-अत्तर लावून जाऊ नका. कुत्रा भुंकत राहिला तर त्याला तिथून लवकर पुढे काढा. माश्या उठल्याच तर पदराने तोंड-डोकं झाका आणि त्या जागेपासून लांब चालत्या व्हा.

कुत्रा चावला किंवा ओरबाडला तर

वाटेतल्या वाडीतले कुत्रे परक्या कुत्र्यावर धावून येतात. भांडण सोडवायला हात मध्ये घातला की चावा बाईच्या हाताला बसतो. हात घालू नका. काठी आपटा, पाणी फेका.

तरीही चावा बसला तर, मैत्रिणींनो, ही गोष्ट पाठ करा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. म्हणून साबणाची वडी पिशवीत असलीच पाहिजे. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावायचं नाही. पट्टी आवळून बांधायची नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा सुया ही जुनी गोष्ट झाली, आता लस दंडात देतात. पहिला डोस त्याच दिवशी आणि पुढचे डॉक्टर कार्डावर लिहून देतील त्या तारखांना. दोन घेतले, बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेतही एक औषध भरावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्या हातापायांना भेगा असतात, कापणीच्या दिवसांत विळ्याचे चरे असतात. त्यावर ओळख नसलेल्या कुत्र्याने चाटलं तरी ते चाव्यासारखंच धरायचं. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर तो पिसाळलेला नव्हता असं समजतात. पण तेवढे दिवस वाट बघत बसायचं नाही. लस आधी, कुत्र्यावर नजर नंतर. कारण पिसाळण्याची लक्षणं माणसात एकदा दिसली की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. लस वेळेत घेतली तर माणूस वाचतो.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी बांधायची नाही. पाय न हलवता बाईला झोळीत घालून खाली आणायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

कुठे कुत्रा न्यायचाच नाही

भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही अभयारण्यं आहेत. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेऊ देत नाहीत. काही जणी म्हणतील, आमचा बिचारा कोणाला काय करतो? तो चावला नाही तरी त्याच्या श्वासातून, लाळेतून रोग जातात. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा एक रोग आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, आणि तो आसपासच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांकडून गेला असं मानतात. २०१८ साली गुजरातेत गीरला वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. तेव्हा निघण्याआधी वनरक्षकाला विचारा, आमची वाट अभयारण्यातून जाते का? जात असेल तर कुत्रा घरी.

लेण्यात आणि देवाच्या गाभाऱ्यातही त्याला नेऊ नका. बाहेर एक जण दोरी धरून थांबेल, मग पाळी बदला.

मागे लागलेला कुत्रा

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पायथ्याच्या गावात तुम्ही एखाद्या कुत्र्याला बिस्कीट टाकता आणि तो तुमच्या मागे येतो. घाट चढतो, खिंड ओलांडतो. तुम्ही वरच्या गावातून गाडीत बसून निघून जाता. तो राहतो परक्या गावात. तिथले कुत्रे त्याला टिकू देत नाहीत, आणि परत जायची वाट बिबट्याच्या रानातून आहे. आपली दोन बिस्किटं त्याच्या जिवावर येतात. म्हणून निघताना अनोळखी कुत्र्याला खायला घालायचं नाही, नाव ठेवून बोलवायचं नाही. गावाच्या वेशीपाशीच परतवायचं. तरी आलाच, तर ज्या वाटेने आला त्याच वाटेने त्याला घेऊन उतरायचं, किंवा पायथ्याच्या गावात फोन करून धन्याला कळवायचं.

दिवसाची आखणी

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने पूर्ण घाट चढायचा हट्ट धरू नये. वरच्या बाजूने सुरुवात करा. नाणेघाटाचं उदाहरण घ्या. घाटघरच्या बाजूने खिंडीत शिरलं की थोड्याच अंतरावर लेणं आहे. ते पाहावं, फरसबंदीने तासभर खाली उतरावं आणि परत यावं. पण ध्यानात ठेवा, असं केलं की चढ शेवटी येतो, दमलेले असताना. म्हणून उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परत यायला धरा.

आठला निघा. साडेदहापर्यंत परत फिरायच्या जागी पोचा. घड्याळात साडेदहा वाजले की जिथे असाल तिथून फिरायचं, पुढे कितीही चांगलं दिसत असलं तरी. बाराला सावलीत भाकरी. दोन-अडीचला गाव.

बरोबर प्रत्येकीला दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, बंद बूट, काठी, साबण, स्वच्छ कापड, शिट्टी आणि भरलेला फोन. घाटात फोन लागेलच असं नाही, म्हणून कुठल्या वाटेने गेलो आणि किती वाजता येऊ हे गावात कागदावर लिहून ठेवा. पाळीचे दिवस असले तरी यायला हरकत नाही. कापड किंवा पॅड कागदात गुंडाळून परत आणायचं. कचऱ्याचं तसंच. सगळ्यांत हळू चालणारी बाई पुढे ठेवा, म्हणजे रांग तुटत नाही.

घरचे विचारतील, डोंगरात काय आणायला चाललात? सरपण नाही, चारा नाही, बाजार नाही. मग कशाला? आपल्या आज्या-पणज्या या वाटा चढल्या त्या डोक्यावर ओझं घेऊन, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. रिकाम्या हाताने चाललं तरच वाट दिसते. पायऱ्या कुठे निखळल्या, टाकं कुठे बुजलं, झरा अजून जिवंत आहे का, हे तेव्हा ध्यानात येतं. ते परत येऊन गटाच्या वहीत लिहा. ग्रामसभेत टाकं साफ करायचा ठराव मांडायला तीच नोंद कामाला येईल.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन कामं करा. एक, कोणकोण येणार त्यांची यादी. दोन, गावातल्या कोणकोणत्या कुत्र्यांना पिसाळण्याविरुद्धची लस दिलेली नाही त्यांची यादी. दुसरी यादी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जा आणि गावात लसीचा एक दिवस ठरवून घ्या. सहल झाली नाही तरी चालेल, पण ही दुसरी यादी मात्र पुरी करा. पोरं त्याच गल्लीत खेळतात.